रेवा आणि गिटार

जबलपूरच्या विजय नगरातून नर्मदा दिसत नाही. तिच्या दर्शनासाठी सारे शहर ओलांडून ग्वारीघाट गाठावा लागतो. तरीही येथील मराठी घरांच्या बोलण्यात ती असतेच. १७८१ मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठ्यांच्या हाती आले, तेव्हापासूनचा हा सहवास. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचून वाढलेले एक निवृत्त शिक्षक याच वसाहतीत राहत. २००० साली त्यांच्या मुलाने ‘कंदीसा’ ही ध्वनिफीत घरी आणली.

‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा वाद्यवृंद. त्याचा पहिला संग्रह १९९३ चा, दुसरा १९९७ चा, ‘कंदीसा’ तिसरा. अमेरिकेत ज्याला ‘इंडी रॉक’ म्हणतात, तेथील तरुणांनी मोठ्या कंपन्यांच्या अभिरुचीपासून स्वातंत्र्य शोधले. या दिल्लीकरांचे स्वातंत्र्य निराळे होते. संग्रह कंपन्यांकडूनच निघाले. परंतु केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेची अरामी प्रार्थना आणि नर्मदाखोऱ्यातील लोकगीत एकाच फितीवर ठेवण्याचे धाडस कंपनीच्या हिशेबातून आलेले नव्हते. सुश्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला आणि गायन, अमित किलम यांचे ड्रम्स. आणि बासगिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले. ‘मा रेवा’ हे गीत त्यांनी खोऱ्यातूनच उचलले.

“बाबा, हे ऐका,” मुलगा म्हणाला.

“मैयाच्या नावापुढे गिटार कशाला?” एवढेच उत्तर आले. आक्षेप सोवळेपणाचा वाटला, तरी तो तसा नव्हता. नोकरीच्या आरंभी ते ज्या गावी शिकवत, ते गाव बर्गी धरणाच्या जलाशयात गेले होते. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी पहिले पुरे झालेले हे धरण. त्याची झळ १६२ गावांना लागली. गाव बुडाले तेव्हा ते शहरात बदली होऊन स्थिरावले होते. त्या गावाविषयी ते घरात कधी बोलले नव्हते.

गीतात धरणाचा उल्लेख नाही. ती केवळ नदीची स्तुती आहे, आणि म्हणूनच ती अधिक झोंबते. घोषणेला उत्तर देता येते. बुडालेल्या गावच्या बायकांनी ज्या नदीला आई म्हटले, त्या आईच्या स्तुतीला कोणता युक्तिवाद पुरणार? वाद्यमेळाचा आवेश येथे थोडा जास्त होतो, हेही मान्य करावयास हवे. लोकगीताला इतकी घाई नसते.

त्यांचाही दोष नेमका तोच होता. “बायका हे सावकाश म्हणत,” ते म्हणाले, “डोक्यावर घागर असायची.” मग गावाचे नाव उच्चारले. मुलाने ते प्रथमच ऐकले.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले.

त्या फितीवरील इतर गाणी त्यांनी कधी ऐकली नाहीत.