पाच मार्कांचा बुडबुडा

नंदुरबार जिल्ह्यात तापी आहे, नर्मदा आहे, पण समुद्र नाही. त्यामुळे कोळंबी म्हटलं की मला आठवतात ते शहाद्याच्या बाजारात गोणपाटावर मांडलेले सुके झिंगे. अशा झिंग्याची एक लांबची बहीण मला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते!

झालं असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवरचा पंप कडकड वाजायला लागला. आबा म्हणाले, "खडी शिरी गयी पंपमा!" पंप खोलला. खडी नव्हतीच, पण इंपेलर उंदरांनी कुरतडल्यासारखा खड्डे खड्डे झालेला. मी ऐटीत म्हटलं, "आबा, हे कॅव्हिटेशन." आबांनी विचारलं, "म्हणजे काय, माय?"

...आणि माझी गाडी तिथंच अडली. कॉन्व्हेंटमध्ये मराठी फक्त पास होण्यापुरती. व्याख्या पाठ होती, पण इंग्रजीत. 'प्रेशर', 'व्हेपर' करत राहिले. आबा चहा प्यायला निघून गेले.

होस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत 'अल्फियस' भेटली. ही प्रवाळांच्या फटींत, खडकांत राहणाऱ्या कोळंब्यांची प्रजाती; जाती अडीचशेहून जास्त. अंगठ्याएवढा जीव, पण एक नांगी भलतीच मोठी. ती नांगी इतक्या झपाट्याने मिटते की पाण्याची धार सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने सुटते. वेग वाढला की दाब घटतो (आपला बर्नोली!), बुडबुडा तयार होतो आणि लगेच चिरडला जातो. 'कट्' असा आवाज येतो तो या बुडबुड्याचा, नांगी आपटल्याचा नव्हे. हे २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. बुडबुड्याच्या आत क्षणभर निदान ५००० केल्व्हिन तापमान होतं, हे २००१ साली कळलं. त्या धक्क्याने समोरचं भक्ष्य गार! दुसऱ्या महायुद्धात यांच्या कडकडाटामुळे पाणबुड्यांचा आवाज टिपणं अवघड व्हायचं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आबांना फक्त या झिंग्याची गोष्ट सांगितली. प्रेशर नाही, व्हेपर नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग आपला पंपमा बी बुडबुडाच फुटतस का?"

पुढचं त्यांनीच जुळवलं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं, पंपाला ओढायला जड झालं, त्यात फुटबॉलची जाळी गाळाने बुजलेली. (मित्रांनो, फुटबॉल म्हणजे आपला फूट व्हॉल्व्ह. मीही आधी हसले होते.) आम्ही जाळी साफ केली, आणि उन्हाळ्याआधी पंप दोन टप्पे खाली घ्यायचं ठरलं.

'कॅव्हिटेशन'च्या प्रश्नाला मला पाचपैकी पाच मार्क होते. पण पंप समोर वाजत असताना आबांना त्या पाच मार्कांतला एकही देता आला नव्हता. तो हिशेब एका झिंग्याने चुकता केला.