दिव्याखालचा दोष

परवां रात्रीं माझ्या फटफटीची वेगदर्शक तबकडी एकाएकीं अंधारली. आदल्या दिवशीं पुतण्यानें गाडी धुतली होती. तेव्हां मीं सर्वांदेखत त्यालाच दोषी ठरविलें. तो कांहींच बोलला नाहीं.

नवा बल्ब घातला, तरी उजेड नाहीं. त्याच फ्यूजवरचा मागचा दिवा मात्र जळत होता. म्हणजे फ्यूज शाबूत. बल्बकडे येणारी तार बॅटरीच्या ऋण टोकाशीं मोजतां मीटर 12 व्होल्ट दाखवी. तबकडीच्या अर्थिंगशीं मोजतां शून्य! तेथील पितळी जोडावर हिरवा कळंक दाट चढला होता. काचकागदानें घासतांच प्रकाश पडला.

इतका कळंक एका दिवसांत चढत नाहीं. वाचकहो, आरोप चारचौघांत केला होता; चूकहि मीं जेवणाच्या पंगतींतच कबूल केली.