एक शब्द खोडताना

काशीतील दुर्गाघाटाजवळच्या मराठी वस्तीत माझे आयुष्य गेले. संसारामुळे सुटलेली शाळा मी चाळिशीनंतर पुन्हा धरली, तेव्हा इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळाने मला फार छळले. 'आई ६० वर्षे काशीत राहते आहे' या वाक्यासाठी मी 'इज लिव्हिंग' लिहिले.

शेजारचे गुरुजी म्हणाले, "ताई, मराठीत येथे वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत मात्र पूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट सांगताना 'हॅज लिव्ड' म्हणावे लागते. गतकाळातील निश्चित साल दिले, की 'हॅज' येत नाही. अहिल्याबाईंनी १७८० साली विश्वनाथाचे मंदिर बांधले. तेथे नुसते 'बिल्ट'."

मी नियम पाठ केला, पण तो खऱ्या अर्थाने उमगला नव्हता.

त्याच पावसाळ्यात आई गेली. परीक्षा जवळ आली म्हणून काही दिवसांनी वही उघडली. समोर तेच वाक्य होते: 'माय मदर हॅज लिव्ड इन काशी फॉर सिक्स्टी इयर्स.' बराच वेळ मी ते पाहत राहिले. मग पेन्सिलीने 'हॅज' खोडला. वाक्य शुद्ध झाले. त्या लहानशा शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.