दोंडाईच्याची आखाजी आणि उतरलेली बॅटरी

मैत्रिणींनो, धुळ्याहून दोंडाईच्याला निघालात तर घाई करू नका. आग्रा रोडने सोनगीरपर्यंत यायचं आणि तिथे जरा थांबायचं. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध. एखादी कळशी नाहीतर पंचपात्री तरी घेतल्याशिवाय पाय निघत नाही. पुढे आडरस्त्याला लागलं की चिमठाणे येतं. 14 एप्रिल 1944 ला धुळ्याहून नंदुरबारला चाललेला सरकारी खजिना प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी लुटला, तो याच चिमठाण्याजवळ. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. सातारा-सांगलीकडची माणसं कुठून कुठे आली होती!

मग दोंडाईचा. वरवाड्याला पोटाशी धरून बसलेलं, अमरावती नदीकाठचं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेवरचं स्टेशन, रावलांची जुनी गढी, मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आणि मिरची! हंगामात आलात तर मिरची आधी नाकाला भेटते, मग डोळ्यांना. लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि बाया दिवसभर देठ खुडत बसलेल्या असतात. त्यांच्या बोटांची आग संध्याकाळी कशी होत असेल, ते घरी दोन किलो मिरची निवडली की कळतं. वर्षाचं तिखट इथूनच भरावं, असं माझं मत आहे. माहेरचं म्हणून म्हणत नाही हो!

पण दोंडाईचा पाहावं ते आखाजीला. बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया सोनं घेऊन संपते. आम्हां खानदेशी लेकींची ती दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरून वर डांगर ठेवतात. खापरावरचे मांडे आणि आमरस. पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव रंगतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही.

गेल्या आखाजीला आम्ही गाडी घेऊन गेलो. गाडीच्या इंजिनाचं मोठं काम नुकतंच झालं होतं. तीन आठवडे गॅरेजमध्ये होती. आदल्या दिवशी दुपारी पोहोचलो, आखाजीचा दिवस गाडी अंगणात उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक् टक्. शेजारच्या आजी ओट्यावरूनच म्हणाल्या, "काय व्हयनं ओ ताई, गाडी रुसनी का?"

रुसली असती तरी चाललं असतं. पण पाचव्या दिवशी सकाळी आईला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. एप्रिलच्या उन्हात आणि धुळीत तिला एसटीने नेणं माझ्या जिवावर आलं होतं. ह्यांनी गॅरेजला फोन केला. उत्तर मिळालं, "बॅटरी म्हातारी झाली, नवी टाका." हे लगेच पाकीट काढून निघाले.

माझ्या चुलतभावाने त्यांना थांबवलं. पंपाच्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस, त्याचं म्हणणं एकच, "दाजी, आधी बॅटरी गळते की गाडी तिला पिते, ते तर पाहू." बॅटरी काढून दिवसभर चार्जिंगला लावली. रात्री परत बसवली, पण निगेटिव्हची तार जोडलीच नाही. सकाळी तार जोडली आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. म्हणजे तार सुटी असताना बॅटरी रात्रभर शाबूत राहते आणि जोडलेली असली की रिकामी होते. याला मीटरही लागत नाही, बायांनो. नवी बॅटरी घेण्याआधी एवढं एका रात्रीचं काम जरूर करून बघा.

मीटर असेल तर आकडेही ध्यानात ठेवा. स्वस्थ पडलेली, पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली की रिकामीच समजा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. आमचं 13.5 वरच रेंगाळत होतं, तेव्हाच भावाने भुवई वर केली. इंजिन उतरवून चढवलं की आणखी एक गोष्ट होते. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सैल राहते. मग बॅटरी भरलेली असूनही सेल्फ ओढत नाही आणि बोल बिचाऱ्या बॅटरीला लागतो. ती पट्टी आमची घट्ट होती.

आता खरी तपासणी. इथे माझं एक ऐका, बॅटरीला हात लावण्याआधी बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा आणि लोंबतं मंगळसूत्र पदरात खोचा. सोन्याची बांगडी दोन टर्मिनलांना एकदम टेकली तर क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं. तार सोडताना नेहमी निगेटिव्ह आधी, जोडताना ती शेवटी. बॅटरीतलं ॲसिड सुती साडीला लागलं तर धुतल्यावर तिथे भोक पडलेलं दिसतं. म्हणून जुनं पातळच नेसा.

भावाने सगळं बंद केलं, दारं लावली आणि अर्धा तास थांबायला सांगितलं. हल्लीच्या गाड्यांतली यंत्रं किल्ली काढल्यावरही थोडा वेळ जागी असतात. मग निगेटिव्हची तार काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर लावला, 10 अँपिअरवर. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करायची नाही, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडतो. निरोगी गाडीत इथे 0.02 ते 0.05 अँपिअर दिसतात, घड्याळाच्या आणि आठवणीच्या खुराकापुरते. आमच्या मीटरने 0.82 दाखवलं!

आता आपला हिशेब, दूधवाल्याचा करतो तसा. बॅटरी 35 अँपिअर-तासांची. तासाला 0.8 म्हणजे चोवीस तासांत 19, दोन दिवसांत 38. दिवस-दीड दिवसातच सेल्फ मान टाकणार. नवी बॅटरी घेतली असती तर तीही तिसऱ्या दिवशी अशीच बसली असती.

भाऊ एकेक फ्यूज उपटत होता आणि मी मीटर वाचत होते. डिकीचा दिवा जळत राहणं हे नेहमीचं कारण, पण आकडा हलला नाही. रेडिओचा काढला तेव्हा 0.80. हॉर्न, वायपर, पंखा, काही नाही. सगळे फ्यूज संपले तेव्हा हे म्हणाले, "आता?" भाऊ हसला. डायनामोची जाड तार या फ्यूजांमधून जातच नाही. (पुस्तकात अल्टरनेटर म्हणतात, पण आपल्याकडचे मिस्त्री अजून डायनामोच म्हणतात.) त्याच्या आत डायोड असतात, ते वीज बॅटरीकडे जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. दारावरच्या रखवालदारासारखे. एखादा फुटला की गाडी बंद असतानाही बॅटरी त्या वाटेने झिरपत राहते. थंडीत सकाळी गार इंजिनावर डायनामो तेवढा कोमट लागला तर तीच खूण. आमच्या एप्रिलात त्याचा उपयोग नाही, सगळी गाडीच तापलेली असते.

बॅटरी सोडून डायनामोची तार काढली, तिला चिकटपट्टी गुंडाळली, मीटर परत लावला. 0.03.

तार पुन्हा जोडली, पण त्या रात्री बॅटरीची निगेटिव्ह सुटीच ठेवली. घड्याळ आणि रेडिओ परत लावावे लागतात, एवढाच त्रास. पाचव्या दिवशी उन्हं वर यायच्या आत आईला काळा चष्मा लावून धुळ्याला नेलं. तिची तपासणी होईतो ह्यांनी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डायनामो उघडवला. आतली डायोडची प्लेट बदलली, बॅटरी तीच राहिली. बॅटरीच्या तारा क्षणभर उलट लागल्या तरी डायोड जातात, असं तो म्हणाला. इंजिनाच्या कामात तसं झालं की नाही, ते कोणी पाहिलेलं नाही, म्हणून गॅरेजशी भांडण केलं नाही. पण कामाला दिलेली गाडी परत घेताना आता हे बॅटरीवर मीटर लावायला सांगतात, गाडी बंद असताना एकदा आणि चालू करून एकदा.

आईचा डोळा छान आहे. तुम्ही दोंडाईच्याला मार्गशीर्षात गेलात तर तसंच पुढे शहाद्याच्या रस्त्याने तापीकाठी सारंगखेड्याला जा. दत्तजयंतीला तिथे घोड्यांची मोठी यात्रा भरते. गाडी लांब लावावी लागते आणि धूळ फार असते, डोक्याला रुमाल न्या.