खंयचें तिस्क?

गोव्यात कारापूरच्या तिस्काजवळ (तिस्क म्हणजे तिठा) आमचा पसरो आहे, म्हणजे किराण्याचं दुकान. वडिलांच्या काळात त्यात टेलिफोन आला आणि आजूबाजूच्या वाड्यांचं एक काम आपोआप आमच्या गळ्यात पडलं : पोलिसांना फोन लावणं. ट्रक कलंडला, दारू पिऊन कुणी कुणाच्या अंगावर कोयता घेऊन धावला, देवळातली फंडपेटी फुटली, की माणूस धावत आमच्याकडे. वडिलांनी फोनच्या वर भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने ठाण्याचा नंबर रंगवून घेतला होता. पुढे भिंतीला रंग दिला तेव्हाही तेवढी चौकट त्यांनी तशीच ठेवायला लावली.

नंबर डिचोलीचा. तिस्कापासून ठाणं सहा-सात किलोमीटरवर. पलीकडे फोन उचलणारा बहुतेक वेळा तालुक्यातलाच. मी 'हॅलो' म्हटलं की, "कोण? पसऱ्यावयलो? कितें जालें?" पत्ता विचारायची पद्धतच नव्हती. 'आंब्याकडे' म्हटलं की पुरे. तो आंबा रस्ता रुंद करताना तोडला गेला त्याला जमाना झाला, पण अपघात अजून आंब्याकडेच होतात. खाणी जोरात होत्या तेव्हा या रस्त्याने खनिज भरलेले टिपर दिवसभर एकामागून एक जात. २०१२ साली खाणी थांबेपर्यंत त्या निळ्या नंबराला विश्रांती अशी मिळाली नाही.

मग ११२ आला. २०१२च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडलं त्यानंतर केंद्राने निर्भया निधी काढला आणि त्यातून देशभर एकच आपत्कालीन क्रमांक करायचं ठरलं. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी एक. त्यासाठीची संगणकप्रणाली तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने तयार केली, २०१८च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशात ती पहिल्यांदा सुरू झाली आणि मग एकेक राज्य तिच्यात येत गेलं. गोवाही आला. संकटातला फोन आता आधी राज्याच्या नियंत्रण कक्षात जाणार आणि तिथला माणूस जवळची गाडी पाठवणार. तिस्कावर या बदलाची चर्चा झाली ती एका वाक्यात : "पणजेच्या मनशाक आमचो गांव खंय खबर आसा?"

मीही मान डोलावली होती. त्यामुळे मी स्वतः ११२ पहिल्यांदा लावला तो प्रसंग नीट सांगतो.

पावसाळ्यातली रात्र होती, वीज गेलेली. आमच्याकडे पावसात गुरं रस्त्यावर येऊन बसतात, कारण डांबर तेवढं कोरडं आणि उबदार असतं. काळी गाय, काळा रस्ता, वर पाऊस. एक तरुण मोटारसायकलवरून आला आणि थेट तिच्यावर गेला. गाय उठून चालती झाली. पोरगा उठेना, पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. शेजाऱ्याने १०८ लावला. ती रुग्णवाहिका गोव्यात २००८पासून आहे, तिच्याबद्दल कुणाला शंका नसते. मोटारसायकल रस्त्यात आडवी पडली होती, मागून डिचोलीकडच्या गाड्या भरधाव येत होत्या, म्हणून मी ११२ लावला.

एका मुलीचा आवाज. शांत.

"खंय जालां अपघात?"

"तिस्कार."

"खंयचें तिस्क?"

क्षणभर मी गप्पच झालो. आमच्यासाठी तिस्क एकच. पण उसगावला तिस्क आहे, फोंड्याला तिस्क आहे. पणजीत बसलेल्या माणसाला हे विचारावंच लागणार.

"कारापूर."

"तालुको?"

"दिवचल," म्हणजे डिचोली.

"लागीं कितें आसा?"

"आंबो," असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून साखळीकडून डिचोलीला जाताना डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, ते सांगितलं. पोराला शुद्ध आहे का, रक्त जातंय का, रस्ता बंद आहे की एक बाजू मोकळी, हेही तिने विचारलं. दुखापत झालेल्याला हलवू नका आणि टॉर्च घेऊन वळणाच्या आधी कुणाला तरी उभं करा, असं सांगितलं. हे शेवटचं आम्हा दहाजणांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं. सगळे पोराभोवती कोंडाळं करून उभे होते.

थोड्या वेळाने माझा मोबाईल वाजला. रॉबर्टवरून फोन होता. गस्तीच्या गाडीला गोव्यात सगळे रॉबर्टच म्हणतात. "पसऱ्याकडेन न्ही? येतां." गाडीतला हवालदार मला ओळखत होता. फोन पणजीला गेला, पण गाडी आमच्या तालुक्यातलीच आली आणि गाडीत आमचाच माणूस होता. तिस्कावर बसून तक्रार करणारे नेमकं हेच विसरतात. बदललाय तो फोन उचलणारा. रस्त्यावर येणारा तोच आहे.

आता दुसरी बाजू, जी तिस्कावर उघडपणे कुणी बोलणार नाही. पूर्वी आमच्या पसऱ्यातून फोन करायला एक बाई यायच्या. नवरा मारायचा. रिसीव्हर हातात घ्यायच्या, मागे साखर-चहा पावडर घ्यायला उभी असलेली चार माणसं बघायच्या आणि परत ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, "भाभी, हांव लायतां." त्या म्हणाल्या, नको, तिथे उचलणारा ह्यांच्या ओळखीचा निघाला तर? त्या माणसाने काही वाईट केलं असतं असं मला म्हणायचं नाही. पण जी ओळख मला आधार वाटायची, त्याच ओळखीची त्यांना भीती वाटायची. आज तशी बाई स्वतःच्या मोबाईलवरून, मागच्या दारी उभी राहून, अनोळखी आवाजाशी बोलू शकते. स्मार्टफोनचं पॉवरचं बटण तीनदा लागोपाठ दाबलं किंवा साध्या फोनवर ५ वा ९ दाबून धरला, तरी ११२ला संदेश जावा अशी सोय मोबाईल कंपन्यांना सक्तीची केली आहे. कोणी, कधी फोन केला, याची नोंद राहते. माझ्या मते ११२च्या बाजूचा हा एकच मुद्दा बाकी सगळ्या तक्रारींवर भारी पडतो.

शिकागोजवळ राहणारा माझा एक भाचा सांगतो की त्यांच्याकडेही लांबच्या फोन उचलणाऱ्यावरून हेच भांडण असतं. लहान गावाचं स्वतःचं पोलीस खातं, खात्यात फोन घेणारा स्वतःचा माणूस, आणि एके दिवशी नगरपालिका ठरवते की हे काम काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे द्यायचं. कारण पैसा. आठवड्याचे तास १६८. एकच खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायची तर रजा-आजार धरून पाच माणसं लागतात, आणि गावात रात्रीचे फोन येतात मोजके. इलिनॉय राज्याने २०१५ साली कायदाच करून अशी केंद्रं एकत्र करायला लावली. तिथल्या लोकांचं गाऱ्हाणंही अक्षरशः आमचंच : लांबच्या माणसाला आमची गल्ली काय माहीत!

पण लांब म्हणजे किती लांब? अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. शेजारचा एकटा सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७. आमची पणजी तिसेक किलोमीटरवर. डिचोली तालुक्याची हद्द ओलांडली की दोडामार्ग, आणि तिथल्या माणसाने ११२ लावला तर तो उचलला जातो नवी मुंबईला किंवा नागपूरला, मग तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येतो. त्यांच्या मानाने आम्ही अंगणातच फोन करतो. सीमेवरच्या गावांना मात्र वेगळीच काळजी, कारण मोबाईल कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा.

टॉवरवरून आठवलं. 'आता सगळं जीपीएसवर दिसतं, सांगायचं काय त्यात' असं तरुण पोरं म्हणतात. ११२चं ॲप वापरलं तर नेमकी जागा जाते, हे खरं. साध्या फोनवरून कळतो तो टॉवरवरून काढलेला अंदाज, आणि गावाकडे एका टॉवरखाली तीन-चार गावं येतात. त्या वर्तुळात वाळवंटी नदीचा अलीकडचा काठ येतो, पलीकडचाही येतो. त्रिपुरारीच्या रात्री विठ्ठलापुरात नौका बघायला दोन्ही काठांवर माणसांची भिंत उभी असते. तिथे कुणाला चक्कर आली आणि गाडी चुकीच्या काठावर गेली, तर पूल गाठून पलीकडे यायला त्या गर्दीत किती वेळ लागेल, हे ज्याने ती गर्दी पाहिली आहे त्यालाच विचारा.

त्यामुळे मला वाटतं की लांबच्या माणसाला गाव माहीत नाही म्हणून रडण्यापेक्षा गावाने स्वतःला वाचण्याजोगं करावं. आमच्या घरांचे नंबर एकापाठोपाठ येत नाहीत. देऊळवाडा प्रत्येक गावात आहे, वाड्याच्या तोंडाशी पाटी नाही. ग्रामसभेत मी हा विषय मांडला : प्रत्येक वाड्याच्या वळणावर गावाच्या नावासकट पाटी लावा, आणि रस्त्याकडेच्या वीजखांबांवर सलग क्रमांक रंगवा. पाहुणा असो, पर्यटक असो वा घाबरलेलं लहान मूल, समोरच्या खांबावरचा आकडा कुणीही वाचून सांगू शकतं. एकाने विचारलं, रंगाचा खर्च कोण करणार? डबा मी देतो म्हटलं. इतिवृत्तात विषय नोंदला गेला आहे, खांब अजून कोरे आहेत.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करा. ११२ लावल्यावर आधी तालुका सांगा, मग गाव, मग वाडा, आणि मग आज उभी असलेली एखादी खूण. सीमेजवळ असाल तर सगळ्यांच्या आधी राज्याचं नाव. नदीकाठी असाल तर काठ कुठला तेही. आणि निघालेल्या गाडीचा फोन येईल, तेव्हा अनोळखी नंबर म्हणून तो कापू नका.