आबांची ग्रॅव्हिटी

पारोळ्यात महामार्गाच्या कडेला आबांचं बॅटरीचं दुकान होतं. पत्र्याचं, एका खणाचं. सुरत-कोलकाता रस्त्यावरचे ट्रक रात्री-बेरात्री तिथे थांबत. तेव्हा तो ६ नंबर, आता ५३. १९९४ साली दहावीच्या सुट्टीत वडिलांनी मला तिथे कामाला लावलं. मला ते कमीपणाचं वाटे. ॲसिडने पँटला भोकं पडतात आणि मित्र हसतात, एवढंच मला त्या धंद्यातलं कळत होतं.

काम साधं होतं. बुचं काढायची, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल वॉटर टाकायचं. त्याचा कॅन मागच्या खोलीत आणि बोअरिंगचा नळ हाताशी. मी नळाचंच टाकत राहिलो. सुट्टी संपल्यावर संध्याकाळी जायचो, तेव्हाही तेच.

नवरात्रात बालाजीच्या वाहनांची मिरवणूक निघते. तिथल्या एका कर्ण्याला आबांची भाड्याची बॅटरी होती. रात्रभर चार्जिंगला लावलेली, तरी भर मिरवणुकीत बसली. आबांनी बूच काढून आत टॉर्च मारला, बराच वेळ पाहिलं. मग भाडं परत केलं आणि म्हणाले, “बॅटरी जुनी होती, चूक मनी.” मी शेजारी उभा होतो. बोललो नाही. पाण्यातले क्षार, लोखंड प्लेटांना भिडलं की नुसत्या ठेवलेल्या बॅटरीचाही करंट आतल्या आत उतरतो, हे मला पुढे कॉलेजात समजलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात हायड्रोमीटर दिला. काचेची पिचकारी, आत तरंगणारी काडी. दुकानातल्या प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, वहीत लिहायची. बाराशे साठ-सत्तर म्हणजे भरलेली, बाराशेला आली म्हणजे निम्मी, त्याखाली न्यायची नाही. नेली आणि तशीच ठेवली तर प्लेटांवर पांढरी पूड धरते, ती पुढे सुटत नाही. “आधी मोजानं, मंग वापरानं,” ते म्हणत. ती शिक्षा आहे असं मी समजत होतो. पुढे त्याच वहीच्या ओढीने मी इलेक्ट्रिकल डिप्लोम्याला गेलो. फीचे पहिले पैसे कोणी भरले, ते आबांनी कुणाला सांगू दिलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

नोकरीने मी कोलोरॅडोत पोचलो आणि २०१८ मध्ये एक जुना ट्रेलर घेतला. गाडीमागे ओढायचं घरच ते. त्याची एक भिंत सोफ्यासकट बाहेर सरकते. बटण दाबलं की खोली हातभर वाढते. सप्टेंबरात यलोस्टोनला मॅडिसन तळावर गेलो. तिथे विजेची जोडणी नाही. जनरेटर सकाळी आठ ते रात्री आठ, एवढीच मुभा. थंडी शून्याखाली. रात्रभर फर्नेस चालू ठेवला. तो गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर, सात-आठ अँपिअर खातो. ऐंशी अँपिअर-तासांची बॅटरी, त्यातली हक्काची निम्मी, आणि गारठ्याने तीही घटलेली. हा हिशोब मला पाठ होता. केला मात्र नाही.

सकाळी निघायचं तर भिंत अर्ध्यात अडकली. भिंत ओढताना मोटर दिव्यांच्या कितीतरी पट करंट मागते, आणि बॅटरी तर उतरलेली. भिंत बाहेर असताना गाडी हलवता येत नाही. हाताने फिरवायचं हँडल कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, माहितीपुस्तिका मी उघडलीच नव्हती. शेवटी पिकअप सुरू करून जाड केबलने थेट बॅटरीला जोडली, शिडीवर चढून भिंतीच्या टपावरच्या पाइनच्या सुया झाडल्या, तेव्हा ती कुरकुरत आत आली.

तिथून चौदा मैलांवर वेस्ट यलोस्टोनला फोनला रेंज मिळाली. आबांना लावला. भिंत सरकते हे त्यांना पटवण्यातच पाच मिनिटं गेली. मग म्हणाले, “ग्रॅव्हिटी कितली व्हती?”

माझ्याकडे हायड्रोमीटर नव्हता. चोवीस वर्षं बॅटरीच्या भाकरीवर जगलेल्या माणसाने हे सांगणं कसं होतं, ते मलाच ठाऊक.

त्यांनी एकेक विचारून घेतलं आणि रस्ता सांगितला. आता मी तसंच करतो. गाडी जोडलेली आणि इंजिन चालू असतानाच भिंत बाहेर काढायची, तशीच आत घ्यायची. पंखा रात्री दोनदाच. सहा-सहा व्होल्टच्या जाड प्लेटांच्या दोन बॅटऱ्या, एकामागे एक जोडलेल्या. आणि वही. मुलगी सकाळी आकडे लिहिते, मला चिडवत.

त्या दिवशी फोन ठेवता ठेवता आबा थांबले. म्हणाले, “आनि पानी कोन्तं टाकस?”

“डिस्टिल, आबा.”

पलीकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. “हं,” ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवला.