तबला वाजवून पोट भरेल का?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत वर्षभर शास्त्रीय गाण्याच्या बैठका चालू असतात, हे आपल्या वस्त्यांतून फारसे कोणाला माहीत नसते. कल्याणात १९२६ पासून कल्याण गायन समाज आहे. देवगंधर्व म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी महोत्सव होतो. ठाण्यात महापालिका पं. राम मराठे यांच्या स्मृतीचा समारोह भरवते. हे झाले मोठे कार्यक्रम. त्याखेरीज कुठे सोसायटीचा हॉल, कुठे शाळेचे सभागृह, कुठे एखाद्या रसिकाचे घर, अशा ठिकाणी पन्नास-साठ माणसांपुढे महिन्या-दोन महिन्यांनी एक बैठक होते. सभासद वर्गणी भरतात. सतरंजी, दोन तंबोरे, पेटी, तबला आणि मधोमध गायक. माईक असला तर असतो, नसला तर नसतो.

अशा बैठकांत माझा धाकटा मुलगा गेली चार वर्षे तबल्याच्या साथीला बसतो. बी.एस्सी. झाला आहे, कल्याणात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतो. आता त्याला ती नोकरी सोडून पूर्णवेळ तबला करायचा आहे. वाचक भगिनींनो, ज्या घरात पहिल्याच पिढीला महिन्याच्या एक तारखेला पगार दिसला, त्या घरात हे वाक्य ऐकल्यावर काय होते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

त्याची सुरुवात विहारातच झाली. जयंतीच्या कार्यक्रमात बुद्ध-भीमगीतांना ढोलकी वाजवायला कोणी नव्हते, तर हा नवव्या वर्षी बसला. पुढे डोंबिवलीच्या एका गुरुजींनी त्याचा हात पाहिला आणि म्हणाले, "याला माझ्याकडे पाठवा." तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस कल्याण-डोंबिवली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून देत देत तो विशारद झाला. पहाटे साडेचारला रियाझ. चाळीतल्या शेजाऱ्यांनी सुरुवातीला कुरकूर केली, मग डग्ग्यावर उशी बांधून तो वाजवू लागला.

खरा विरोध शेजाऱ्यांचा नव्हता, माझ्या थोरल्या भावाचा होता. दादा रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांच्या शब्दाला आमच्या घरात फार मान आहे. ते म्हणाले, "आपल्या आजोबांना पाटलाच्या लग्नात वाजवावं लागायचं. ऊन नाही, पाऊस नाही. वाजवून झालं की लांब बसायचं आणि उरलंसुरलं घेऊन यायचं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यांनी ते वाद्य टाकलं. गावानं सहा महिने किराणा बंद केला, तरी हातात घेतलं नाही. आणि तू कातड्यावर हात ठेवून पोट भरणार?"

मुलगा हळूच म्हणाला, "मामा, बाबासाहेबसुद्धा उतारवयात व्हायोलिन शिकले ना?"

"शिकले," दादा म्हणाले, "पण पोटासाठी नाही वाजवलं."

यावर त्या दिवशी कोणालाच उत्तर सुचले नाही. मी मात्र त्या वाक्याच्या मागे लागले. जे मोठे झाले त्यांनी तरी पोट कसे भरले, हे पाहावे असे मनाने घेतले. मुलाच्या गुरुजींना विचारले, वाचनालयातून कलावंतांची चरित्रे आणली. त्यातून जे कळले ते सांगावेसे वाटते.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज आपल्याला वसतिगृहांसाठी आणि आरक्षणासाठी ठाऊक आहेत. त्यांच्याच दरबारात उस्ताद अल्लादियाखाँ गायक होते. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. आता दरबार नव्हता. मग उरली शिष्यांची तालीम आणि तिकिटाच्या, वर्गणीच्या मैफली. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ कोल्हापुरात शिकवत राहिले. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एक गजाननबुवा जोशी. गजाननबुवांचे वडील अंतूबुवा औंध संस्थानात गायक होते. म्हणजे वडिलांची भाकरी राजाकडून आली. बुवांची आली आकाशवाणीच्या नोकरीतून, गाण्यातून, व्हायोलिनमधून आणि शिकवण्यांतून. आयुष्याच्या उत्तरार्धात ते डोंबिवलीत राहिले. म्हणजे शाहू महाराजांनी पोसलेली गायकी दोन पिढ्यांत डोंबिवलीच्या एका घरात येऊन पोचली! मला याचे फार अप्रूप वाटले. दादांना सांगितले तर तेही दोन मिनिटे गप्प बसले.

पं. उल्हास कशाळकर विदर्भातून आले. ते गजाननबुवांकडे शिकले आणि ठाण्याच्या राम मराठ्यांकडेही. त्यांनीही आकाशवाणीत नोकरी केली, पुढे कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू झाले. २०१० साली पद्मश्री मिळाली. स्वतः रामभाऊ मराठ्यांचे पाहा. लहानपणी १९३८ च्या 'गोपालकृष्ण' चित्रपटात कृष्ण झाले, पुढे संगीत नाटके गाजवली, आणि त्याच गळ्याने मैफली केल्या. नाटकाच्या रात्री वेगळ्या, मैफलीच्या वेगळ्या. नुसत्या मैफलीवर घर चालले असते तर एवढी ओढाताण कशाला केली असती?

तबल्याचे म्हणाल तर उस्ताद अहमदजान थिरकवाँ हे सर्वांत मोठे नाव. ते आधी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वाजवत. नंतर रामपूरच्या दरबारात, नंतर लखनौच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक. नाटक कंपनी, राजा आणि सरकार, तिघांचीही चाकरी एकाच माणसाने केली. त्यांचे शिष्य पं. भाई गायतोंडे ठाण्यात राहत. माझ्या मुलाचे गुरुजी त्यांचे नाव घेताना आधी कानाच्या पाळीला हात लावतात.

एक गंमत त्या पुस्तकांतून कळली. ज्या पेटीशिवाय आज बैठक होत नाही, तिला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. विलायती वाद्य, त्यातून आपले स्वर नीट निघत नाहीत, असे म्हणत. तीस वर्षे पेटीवाल्यांना रेडिओचा दरवाजा बंद! वाद्यालासुद्धा बहिष्कार सोसावा लागतो.

सगळ्यांत जास्त मी थांबले ती मोगूबाई कुर्डीकरांच्या पानावर. गोव्यातल्या कुर्डी गावच्या, कलावंत समाजातल्या. लहानपणीच आई गेली. नाटक कंपन्यांतून कामे केली. पुढे अल्लादियाखाँसाहेबांनी गाणे शिकवले. १९७४ साली पद्मभूषण झाल्या. पण ज्यांनी गायला बोलावले त्यांनीच त्यांना कसे वागवले, प्रवासाची, बिदागीची कशी हेळसांड केली, हे किशोरीताई आमोणकर आईबरोबर फिरताना पाहत होत्या आणि पुढे त्याविषयी उघड बोलत. किशोरीताई अटी घालतात, आयोजकांना धाकात ठेवतात, अशी त्यांच्यावर टीका व्हायची. मला तरी ती टीका पटत नाही. ज्या मुलीने आईचा अपमान पाहिला, ती अटी घालणारच.

तर दादांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला इथे सापडले. आजोबांचे वाजवणे आणि या मुलाचे वाजवणे यांत कातडे तेच आहे. फरक ठरावाचा आहे. आजोबांना नाही म्हणता येत नव्हते आणि किती मिळणार ते विचारता येत नव्हते. मुलाला दोन्ही येते का, हे पाहायचे.

पाहिले तर चित्र तेवढे बरे नाही. बैठकीत गायकाचे मानधन आधी ठरते. साथीदाराचे? "बघू, देऊ काहीतरी." कार्यक्रम संपल्यावर पाकीट हातात येते. ते तिथे उघडायचे नाही, अशी रीत. रात्री घरी येऊन उघडायचे. कधी त्यात टॅक्सीचेही पैसे निघत नाहीत. तबला-डग्गा घेऊन शेवटच्या लोकलने यावे लागते. गर्दीच्या वेळी तर सामानाच्या डब्यातून, मासळीच्या टोपल्यांशेजारी. याउलट एप्रिल महिना घ्या. जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीची सुपारी घेतली की रक्कम ठरलेली, अर्धी आधी हातात. प्रल्हाद शिंदे यांच्या कल्याणात हा व्यवहार पोराटोरांनाही कळतो. माझा मुलगा एप्रिल-मे महिन्यांत जे मिळवतो ते बाकीच्या वर्षातल्या बैठकांतून मिळत नाही. त्याच्या बैठकीतल्या काही मित्रांना हे सांगायला तो पूर्वी बिचकायचा. आता सांगतो. तालमीची फी भीमगीतांनी भरली आहे, यात लपवण्यासारखे काय आहे?

आणखी एक गोष्ट. एका घरगुती बैठकीनंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी त्याला आडनाव विचारले. त्याने सांगितले. मग गाव विचारले, तेही सांगितले. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि कप ठेवून दुसरीकडे वळले. पुढच्या बैठकीच्या पत्रकावर गायिकेचे नाव होते, पेटीवाल्याचे होते, तबल्यापुढे फक्त "सहकलाकार" असे छापले होते. छपाईची चूक असेलही. मुलाने त्यांना फोन करून सरळ सांगितले, "नाव छापणार असाल तर येतो." पुढच्या पत्रकावर नाव आले. सगळेच तसे नसतात हेही लिहिले पाहिजे. त्याच गायिकेने एकदा रंगलेल्या द्रुतानंतर श्रोत्यांसमोर त्याच्याकडे हात करून दाद द्यायला लावली आणि नाव आडनावासकट दोनदा घेतले.

नावाचा विषय निघालाच आहे तर तबला बनवणाऱ्याचेही सांगते. मुलाची दायाची पुडी फाटली की तो ती एका कारागिराकडे नेतो. बकऱ्याचे कातडे, वरची चाट, वाद्या ताणणे, शाईचा एकेक थर घोटून वाळवणे. मी एकदा बरोबर गेले होते. तो म्हातारा कान लावून टकटक करत होता आणि सूर किती चढला ते हातोडीने सांगत होता. मैफलीत त्याचे नाव कोण घेणार? तिकडे तमिळनाडूत टी. एम. कृष्णा या गायकाने मृदंगम बनवणाऱ्या दलित ख्रिश्चन कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. २०२० साली त्याच्या प्रकाशनासाठी दिलेली जागा चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने ऐनवेळी नाकारली. पालघाट मणी अय्यर यांचे नाव सारा देश जाणतो, पण त्यांचे मृदंगम घडवणारा परलांदू कितीजणांना माहीत होता? दादांनी ही हकीकत माझ्याकडून दोनदा ऐकली. ते त्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून ऐकत होते की मुलाच्या, ते मला अजून कळलेले नाही.

आमच्या घरात शेवटी ठरले ते असे. नोकरी लगेच सोडायची नाही. लॅबमध्ये सकाळची पाळी मागून घेतली आहे, म्हणजे दुपारनंतरचा वेळ त्याचा. आकाशवाणीच्या स्वरचाचणीला बसायचे. तिथे ब, ब-उच्च, अ आणि सर्वोच्च अशा श्रेणी असतात. पहिली पायरी मिळाली तरी आयोजकांशी बोलताना आधार होतो. कुठल्याही बैठकीला हो म्हणण्याआधी मानधन आणि गाडीभाडे विचारायचे. तोंडाने विचारायला जड जाते, म्हणून त्याने चार ओळींचा मजकूर मोबाईलमध्ये लिहून ठेवला आहे, तोच पाठवतो. दोघांनी त्यावर उत्तरच दिले नाही. बाकीच्यांनी आकडा कळवला. त्यातल्या एकाने तर "बरे झाले विचारलेत" असे लिहिले.

आणि शिकवणी. सगळ्या चरित्रांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की मोठमोठ्यांचे घर शिष्यांनी चालवले. म्हणून रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत त्याने वर्ग सुरू केला. फी घ्यायची की नाही, यावर मात्र विहार समितीत चांगलीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे, विहारात पैसे कसले घेता? आमच्या दादांनी, होय दादांनीच, उभे राहून सांगितले की फुकट वाजवायचे दिवस आपण मागे टाकले आहेत, फुकट शिकवायचेही नको. ज्यांना जमत नाही त्यांची फी समितीने भरावी. तसा ठराव झाला.

सध्या अकरा मुले येतात, त्यांत चार मुली. तबल्याच्या जोड्या दोनच आहेत, म्हणून बाकीची मुले मांडीवर ताल देत बोल म्हणत बसतात. तिसरी जोडी घ्यायची आहे. कोणाकडे वापरात नसलेला तबला पडून असेल, तर पुडी आम्ही बदलून घेऊ.